डोळ्यांच्या गोळ्या आईबाबांना चालू करताय? मग आधी हे क्रमाने बघा

वय साठीच्या पुढे गेलं, पेपर वाचताना अडखळायला लागलं, की घरात कोणी ना कोणी म्हणतंच की डोळ्यांसाठी काहीतरी चांगलं व्हिटॅमिन चालू करा. मेडिकलमध्ये विचारलं की ल्युटीनवाली (ल्युटीन म्हणजे पालेभाज्यांतही असणारा एक पिवळा घटक) पट्टी पुढे येते, अमेरिकेतून येणारा भाचा मोठी बाटली घेऊन येतो, आणि गोळी सुरू होते. कशासाठी सुरू झाली हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या आईला पडद्याची झीज आहे, तिच्या डोळ्यांचं सगळं मीच बघते, त्यामुळे या विषयात जे शिकले ते पहिल्यांदाच यात पडणाऱ्यांसाठी लिहितेय. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. ज्या गोळ्यांमागे खरा, मोठा अभ्यास आहे त्या एकाच आजारासाठी, म्हणजे या पडद्याच्या झिजेसाठी आहेत, आणि त्या आजाराच्याही ठराविक टप्प्यासाठी. तो टप्पा असेल तर गोळी नक्की घ्या, आळस करू नका. नसेल तर पैसे वाया, आणि काही लोकांना अपायसुद्धा होऊ शकतो.

१) आधी आजार कुठला ते कळू दे

म्हातारपणी दिसायला कमी येण्याची कारणं बरीच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. मोतीबिंदू असेल तर भिंग गढूळ झालेलं असतं, ते कुठल्याही गोळीने स्वच्छ होत नाही, ऑपरेशन करून भिंग बदलावं लागतं आणि ते झालं की बहुतेकांना छान दिसतं. काचबिंदूत डोळ्यातलं प्रेशर सांभाळायचं असतं, त्याचे थेंब रोज न चुकता टाकायचे, तिथे ल्युटीनचा काही संबंध नाही, आणि गोळी चालू आहे म्हणून थेंब सोडले तर गेलेली नजर परत येत नाही. डायबेटीसमुळे पडदा खराब होत असेल तर शुगर, बीपी आणि वेळेवर लेझर किंवा इंजेक्शन. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर चष्मा.

राहिला तो आजार म्हणजे एएमडी, वयामुळे होणारी मॅक्युलाची झीज. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो त्याचा अगदी मधला छोटासा भाग म्हणजे मॅक्युला. वाचायला, सुईत दोरा ओवायला, समोरच्याचा चेहरा ओळखायला हाच भाग लागतो. तो झिजला की आजूबाजूचं दिसत राहतं, माणूस घरात फिरू शकतो, पण बरोबर मधोमध धूसर होतं. गोळ्यांचा सगळा विषय या आजाराचा आहे, तेव्हा पुढचं सगळं त्याबद्दलच.

२) बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या

नुसता नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा बघायला लागतो, नंतर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं दिसत नाही, त्यामुळे सोबत कोणीतरी जा आणि त्यांना गाडी चालवू देऊ नका. गरज वाटली तर डॉक्टर ओसीटी करायला सांगतात, त्यात डोळ्याला काही टोचत नाहीत, हनुवटी टेकवून बसायचं आणि मशीन पडद्याचे थर दाखवतं.

झीज सुरू झाली की पडद्याखाली पिवळट ठिपके साचतात, त्यांना ड्रुसेन म्हणतात. ते थोडे आणि बारीक असतील तर सुरुवातीचा टप्पा. मध्यम आकाराचे खूप झाले किंवा एखादा जरी मोठा असला तर मधला टप्पा, याला इंटरमीजिएट म्हणतात. पुढचा, म्हणजे शेवटचा टप्पा दोन प्रकारचा. एकात मॅक्युलाच्या पेशी मरून तिथे मोकळा पट्टा तयार होतो, तो ड्राय प्रकार. दुसऱ्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या गळतात किंवा फुटतात आणि नजर भराभर जाते, तो वेट प्रकार.

डॉक्टरांकडून निघताना दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर फाईलवर लिहून घ्या. उजव्या डोळ्यात कुठला टप्पा? डाव्या डोळ्यात कुठला? नुसतं "वयोमानाने आहे थोडं" एवढ्यावर उठू नका. गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात हे खरं आहे, पण गोळी घ्यायची की नाही हे या दोन उत्तरांवरच ठरतं आणि घरी आल्यावर ते कोणालाच आठवत नाही.

३) गोळी काय करते आणि काय करत नाही

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने एरेड्स नावाचा मोठा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. त्यात व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटीन (गाजरात असतं ते), झिंक आणि कॉपर हे मोठ्या डोसमध्ये एकत्र दिलं होतं. मधल्या टप्प्यातले लोक आणि ज्यांचा एक डोळा पुढच्या टप्प्यात गेलेला होता असे लोक, यांच्यात पाच वर्षांत आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका साधारण २५ टक्क्यांनी कमी झाला. टक्क्यांत नीट कळत नाही म्हणून असं बघा, तुलनेसाठी नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १०० जणांत अंदाजे २८ जण पुढे गेले आणि खरी गोळी घेणाऱ्या १०० जणांत अंदाजे २०. म्हणजे आठ जण वाचले. ज्याची नजर वाचली त्याच्यासाठी हे फार मोठं आहे. पण गोळी घेऊनही वीस जणांचा आजार वाढलाच, हेही लक्षात असू द्या.

ज्यांना आजारच नव्हता किंवा अगदी सुरुवातीचा होता त्यांना फायदा दिसला नाही. मोतीबिंदूवरही काही फरक पडला नाही. म्हणून चाळिशीतल्या मुलामुलींनी "आईला आहे म्हणून मीपण घेते" असं करायचं काही कारण नाही.

आणि हे सगळ्यात आधी आईबाबांना सांगायला पाहिजे की या गोळीने दिसणं सुधारत नाही. गेलेलं परत येत नाही. महिनाभर घेऊन "मला काही फरक वाटत नाही" म्हणून बरेच जण सोडून देतात, पण फरक वाटणारच नाहीये, वाढ मंदावणं हेच तिचं काम. हे समजावून सांगितलं नाही तर दोन महिन्यांत गोळी कपाटात जाते.

पुढे २००६ मध्ये एरेड्स टू सुरू झाला आणि २०१३ मध्ये त्याचे निकाल आले. त्यात बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटीन आणि त्याच्यासारखंच झियाझँथिन घालून बघितलं, आणि ओमेगा थ्रीसुद्धा. ओमेगा थ्रीच्या कॅप्सूलने जास्तीचा फायदा काहीच झाला नाही. ल्युटीन झियाझँथिन मात्र चांगलं ठरलं, मुख्य म्हणजे सुरक्षित ठरलं. २०२४ मध्ये या अभ्यासांचा डेटा पुन्हा तपासला गेला तेव्हा असंही दिसलं की ड्राय प्रकार पुढच्या टप्प्यात गेलेला असला तरी तो मोकळा पट्टा नजरेच्या अगदी केंद्राकडे सरकण्याचा वेग गोळीने कमी होतो. त्यामुळे "आता उशीर झाला" असं स्वतःच ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

४) लेबल वाचायला शिका, इथेच सगळे फसतात

एरेड्स टूचा रोजचा डोस हा असा आहे, हे मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा: व्हिटॅमिन सी ५०० एमजी, व्हिटॅमिन ई ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एक माप), ल्युटीन १० एमजी, झियाझँथिन २ एमजी, झिंक ८० एमजी, कॉपर २ एमजी.

आता पट्टी हातात घ्या, चष्मा लावा आणि एकेक आकडा जुळवा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात "डोळ्यांच्या आरोग्यासाठी" आणि डोळ्याचं चित्र असतं ते सोडून द्या, मागचा बारीक अक्षरातला तक्ता बघा. तिथे आधी शोधायचं की आकडे एका गोळीचे आहेत की दिवसाच्या डोसचे. अमेरिकेतून येणारी प्रिझरव्हिजन एरेड्स टू ही बाटली घ्या, तिचा रोजचा डोस दोन कॅप्सूलचा आहे, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तेव्हा कोणी रोज एकच घेत असेल तर झिंक ४० आणि ल्युटीन ५ एवढंच पोटात जातं, म्हणजे अर्धाच डोस. बाटली जास्त दिवस पुरावी म्हणून असं करणारे खूप जण असतात. दुसरं म्हणजे नाव. त्याच नावाचा जुना फॉर्म्युलाही मिळतो ज्यात बीटा कॅरोटीन आहे, म्हणून भाच्याला नुसतं ब्रँडचं नाव सांगू नका, "एरेड्स टू लिहिलेलीच आण" असं सांगा आणि बाटलीचा फोटो पाठवा. व्हिटॅमिन ई अमेरिकेच्या नव्या लेबलवर आययूऐवजी एमजीमध्ये असतं, तिथे १८० दिसलं तर घाबरू नका, ते तेच ४०० आहे.

आपल्याकडच्या पट्ट्यांचं गणित वेगळं आहे. इथे या गोळ्या बहुतेक वेळा औषध म्हणून नाही तर न्यूट्रास्युटिकल, म्हणजे आहाराला पूरक म्हणून विकल्या जातात, पाकिटावर एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) १४ आकडी लायसन्स नंबर असतो आणि औषधी वापरासाठी नाही असंही छापलेलं असतं. लायसन्स आहे याचा अर्थ गोळी तुमच्या आजारावर चालते असं कोणी तपासलंय असा होत नाही. शिवाय अशा सप्लिमेंटमध्ये घटक किती घालायचे त्याला रोजच्या गरजेच्या हिशोबाने मर्यादा आहे, आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने पुरुषाला दिवसाला झिंक लागतं १७ एमजी. म्हणून इथल्या बऱ्याच पट्ट्यांवर ल्युटीन १० बरोबर असतं पण झिंक आणि ई खूपच कमी असतं. एरेड्स टूमध्ये ८० ऐवजी २५ झिंक देऊनही बघितलं होतं आणि दोन्हींत ठळक फरक दिसला नाही, पण सल्ला देताना अजून ८० चाच धरतात. तुमच्या पट्टीवर झिंक जेमतेम १०-१२ असेल तर तो अभ्यासातला डोस नाही एवढं नक्की, मग डॉक्टरांना पट्टी दाखवा आणि थेट विचारा की एवढ्याने चालेल का, की दुसरी लिहून देताय.

त्याच तक्त्यात बिलबेरी, ग्रेप सीड, ॲस्टाझँथिन असं बरंच काही असतं. एरेड्सच्या दोन्ही अभ्यासांत यातलं काहीही नव्हतं. नावं जास्त म्हणून गोळी भारी असं समजू नका.

५) कोणी थांबून आधी विचारायचं

सगळ्यात महत्त्वाचं बीडी सिगारेटवाल्यांचं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन देऊन बघितलं होतं, फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती, १९९४ मध्ये निकाल आला तर तो उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तसाच एक अभ्यास याच कारणाने १९९६ मध्ये मुदतीआधी बंद करावा लागला. आणि एरेड्स टूमध्ये बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांपैकी ज्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला ते बहुतेक सिगारेट सोडलेले होते. हे नीट वाचा, सोडलेले. बाबा म्हणतील मी सोडून जमाना झाला, तरीसुद्धा बीटा कॅरोटीनवाली गोळी नको. लेबलवर ते "व्हिटॅमिन ए, बीटा कॅरोटीनच्या रूपात" असंही लिहिलेलं असतं. गाजर, लाल भोपळा, आंबा खायला काही हरकत नाही, प्रश्न फक्त मोठ्या डोसच्या गोळीचा आहे.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, वॉरफरिन असो किंवा रोजची ॲस्पिरिन, तर व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसबद्दल आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांनीही विचारा, कारण नुसतं ४०० आययू ई घेणाऱ्या निरोगी पुरुषांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त दिसला असा अमेरिकेतला २०११ चा निकाल आहे, आणि एरेड्समध्ये झिंक घेणाऱ्यांत लघवीच्या तक्रारींसाठी ॲडमिट व्हायचं प्रमाणही थोडं जास्त होतं. मुतखडा होऊन गेला असेल तर व्हिटॅमिन सीबद्दल बोला, किडनीचा आजार असेल तर सगळ्याबद्दलच बोला.

कॉपर कशाला घातलंय असं वाटत असेल तर त्याचं कारण असं, एवढं झिंक रोज पोटात गेलं की शरीर अन्नातलं तांबं नीट घेत नाही आणि त्याने रक्त कमी होऊ शकतं. म्हणून नुसती झिंकची वेगळी गोळी आणून "डोस पूर्ण करायचा" उद्योग घरी करू नका. आणि आधीपासून मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर तीही पट्टी डॉक्टरांना दाखवा, त्यातही झिंक आणि व्हिटॅमिन ए असतं आणि बेरीज कोणी करत नाही.

६) घ्यायची कशी

पोटभर जेवणानंतर. रिकाम्या पोटी झिंकने मळमळतं, आणि ल्युटीन व ई अंगी लागायला जेवणात थोडं तेल तूप लागतंच, नुसत्या चहाबरोबर घेऊन उपयोग नाही. आईला सकाळी चहा बिस्किटावर द्यायचे तेव्हा रोज कोरडी मळमळ व्हायची, दुपारच्या वरण भात तुपानंतर द्यायला लागल्यापासून एकदाही झाली नाही. मध्येच इन्फेक्शन होऊन सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक मिळाली तर झिंकमुळे ती नीट लागू पडत नाही, काही तासांचं अंतर लागतं, तेव्हा फॅमिली डॉक्टरांना डोळ्याची गोळी चालू आहे हे सांगा. लोक हे सांगतच नाहीत कारण व्हिटॅमिनला कोणी औषध धरत नाही.

खर्च वर्षाचा काढा, महिन्याचा नको. ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते, चार महिने भारी ब्रँड आणि मग बंद, यापेक्षा जी सतत परवडेल आणि जिचे आकडे जुळतील ती घ्या.

७) ताटात काय वाढायचं

ल्युटीन तयार करायला कारखान्यात झेंडूच्या पाकळ्या वापरतात, आपल्या दसऱ्याचा झेंडू, त्याचा तो गर्द केशरी पिवळा रंग म्हणजेच ल्युटीन. झेंडू खायचा नसतो अर्थातच, पण हेच ल्युटीन पालेभाज्यांत भरपूर असतं, तिथे हिरव्या रंगाखाली झाकलेलं असतं म्हणून दिसत नाही. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ल्युटीन झियाझँथिन मिळून साधारण १२ एमजी असतं, म्हणजे पालकाची भाजी वाटीभर खाल्ली की त्या दोन घटकांपुरतं गोळीएवढं पोटात जातं. पालकच हवा असं नाही, मेथी, माठ, शेवग्याचा पाला, चवळीचा पाला, अळूचं फदफदं, जे मिळेल ते, फोडणीला तेल असतंच. मक्यात आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात प्रमाण कमी पण बलकातलं शरीराला फार चांगलं लागतं. बलक फेकून पांढरं तेवढं देणारी घरं आहेत, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर असं करू नका. गाजर चांगलंच आहे पण त्यात मुख्य आहे ते बीटा कॅरोटीन, ल्युटीनसाठी हिरवी पालेभाजी जास्त कामाची.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली खात राहा. ओमेगा थ्रीची कॅप्सूल फेल गेली म्हणून मासा फेल गेला असं नाही, मासे खाणाऱ्या लोकांत हा आजार कमी आढळलाय.

मधला टप्पा असेल तर मात्र नुसत्या भाजीवर भागत नाही, कारण ८० एमजी झिंक आणि ४०० आययू ई कुठल्याच ताटातून मिळत नाही. आणि वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे रक्ताचा रिपोर्ट हलतो, रोज थोडी आणि सारखीच ठेवा.

८) चौकटींचा कागद, रोज एक मिनिट

गोळी चालू केली की सगळे निश्चिंत होतात, आणि खरा धोका तिथेच असतो, कारण ड्राय प्रकाराचा वेट कधीही होऊ शकतो आणि तेव्हा गोळी काही करू शकत नाही. त्यावर नजर ठेवायला ॲम्सलर ग्रिड नावाचा कागद असतो, बारीक चौकटी आणि मधोमध एक ठिपका. डॉक्टरांकडे मागा, देतात. आमचा फ्रिजच्या दारावर आईच्या डोळ्याच्या उंचीला लावलाय. वाचायचा चष्मा लावायचा, साधारण ३० सेंटिमीटरवर उभं राहायचं, एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा, डोळा दाबायचा नाही, आणि दुसऱ्याने फक्त ठिपक्याकडे बघायचं. रेषा सरळ दिसतात का, कुठे वाकतात का, कुठे चौकटी गायब आहेत का. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवून केलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून नेतो आणि काहीच कळत नाही, ही चूक घरोघरी होते. कागद नसेल तर बाथरूमच्या टाइल्स किंवा खिडकीच्या ग्रिलचे गज बघा, पण तेही एकेक डोळ्यानेच.

काही रेषा आधीपासून अंधुक दिसत असतील तर त्या पेन्सिलीने खुणा करून ठेवा आणि तारीख घाला, म्हणजे नवीन काय ते कळेल. रेषा नव्याने वाकडी दिसली, मधोमध काळा डाग आला, तर पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा आणि एक दोन दिवसांत रेटिनाच्या, म्हणजे पडद्याच्या डॉक्टरांकडे पोचा. वेट प्रकारावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, भारतात रॅनिबिझुमॅब इथेच तयार केलेलंही २०१५ पासून मिळतं, काही ठिकाणी स्वस्त पडणारं बेव्हॅसिझुमॅब देतात. सुई डोळ्यात म्हटलं की माणूस घाबरतो, पण आधी बधिर करतात, काही क्षणांचं काम असतं. आठवडे घालवले तर खाली व्रण तयार होतो आणि मग इंजेक्शन देऊनही फार हाती लागत नाही.

घरातले बाकीचे

बीडी सिगारेट चालू असेल तर ती बंद करणं हे कुठल्याही गोळीपेक्षा मोठं काम आहे, आपल्या हातात असलेल्या कारणांत सगळ्यात मोठं हेच. बीपी आटोक्यात ठेवा. डोळ्यात मध, गुलाबपाणी, कोणी दिलेला अर्क, काही काही टाकू नका.

आणि एएमडी घराण्यात चालतो, त्यामुळे आईला निघाला तर मामा मावशीला फोन करून सांगा. पन्नाशी ओलांडलेल्या सख्ख्या भावंडांनी एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, तक्रार काही नसली तरी, कारण मधल्या टप्प्यात बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही आणि गोळीचा उपयोग नेमका त्याच टप्प्यात असतो.